माफी कोणाला, आणि कोणाच्या पदरचे देऊन?

असे म्हटले जाते की यादवीनंतर सरसकट माफी दिली की समेट आपोआप होतो. अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धाचा दाखला मात्र इतका सरळ नाही. २९ मे १८६५ रोजी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी निष्ठेची शपथ घेणाऱ्या दक्षिणेतील बंडखोरांना माफी जाहीर केली, पण तिच्यातून १४ वर्ग वगळले. त्यांत वीस हजार डॉलरहून अधिक मालमत्ता असलेले बंडखोरही होते, आणि त्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागे. (असे अर्ज पुढे इतक्या सढळ हाताने मंजूर झाले की अट नावापुरतीच उरली.)

खरी मेख मालमत्तेत होती. माफीबरोबर, युद्धात सरकारने ताब्यात घेतलेल्या जमिनीही परत मिळत. ऑक्टोबर १८६५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावर मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी विभागाचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांना, गुलामीतून सुटून तिथे शेती करू लागलेल्या कुटुंबांना चर्चमध्ये जमवून, ही जमीन जुन्या मालकांकडे जाणार असे सांगावे लागले. म्हणजे समेट झाला तो उत्तर आणि दक्षिण या दोन गोऱ्या पक्षांत, आणि त्याची किंमत मोजली ती त्या बंडात ज्यांचा काडीचाही दोष नव्हता त्यांनी. १८६८ च्या नाताळातील बिनशर्त माफीने राजद्रोहाचे उरलेसुरले खटलेही निकालात निघाले. पूर्वी पदाची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्यांवरील सार्वजनिक पदांची बंदी मात्र चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे टिकली आणि बहुतेकांपुरती ती १८७२ च्या कायद्याने उठली.