बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलीचं इंजिनिअरिंग : कोणतं काम आधी करायचं?

प्रश्न : समन्वयक_विद्यार्थी_कल्याण

आमच्या संस्थेमार्फत बालगृहातल्या एका मुलीला मदत करायची आहे. आई-वडील दोघंही हयात नाहीत, लहानपणापासून बालगृहातच वाढली आहे. बारावी सायन्सची परीक्षा देते आहे, सीईटीलाही बसणार आहे. ऑगस्टमध्ये १८ पूर्ण होतील. बालगृहाचे अधीक्षक सहकार्य करतात, पण १८ नंतर आपल्या हातात काही राहत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. फीसाठी देणगीदार मिळतील. पण राहणं, जेवण, कागदपत्रं आणि चार वर्षांचा नियमित खर्च याचं काय? कुठून सुरुवात करावी?

---

उत्तर : बालसंरक्षण_कार्यकर्ती

ताई, देणगीदार थोडे थांबू देत. ऑगस्टच्या आत दोन कागद मार्गी लावा, कारण १८ झाल्यावर तीच कामं दुप्पट वेळ खातात.

पहिला कागद अनाथ प्रमाणपत्राचा. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत जातो आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त, महिला व बाल विकास यांच्या सहीचं मिळतं. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले (किंवा पालकांचा शोध लागला नसल्याचा अहवाल), बालकल्याण समितीचा (मुलाला संस्थेत ठेवण्याचा निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) दाखल आदेश, संस्थेच्या प्रवेश नोंदवहीतली नोंद आणि शाळेचा दाखला, एवढं गोळा करा. अडतं ते बहुतेक वेळा मृत्यूच्या दाखल्यावर. मृत्यू गावी झालेला असतो आणि ग्रामपंचायतीत नोंदच केलेली नसते. तसं असेल तर आजच चौकशी सुरू करा, उशिराची नोंद करून घेण्यात महिने जातात.

हे प्रमाणपत्र कशाला, तर राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. २ एप्रिल २०१८ ला पहिला जीआर निघाला. ६ एप्रिल २०२३ च्या जीआरने 'संस्थात्मक' (संस्थेत वाढलेली मुलं) आणि 'संस्थाबाह्य' (संस्थेबाहेर वाढलेली मुलं) असे दोन वर्ग केले. तुमची मुलगी संस्थात्मक वर्गात येईल. प्रमाणपत्रावर वर्ग नीट लिहिला आहे ना, हे हातात घेतानाच वाचा. सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) अर्जात अनाथ हा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तिथे खूण राहून गेली तर प्रमाणपत्र फाइलमध्ये असूनही उपयोग नाही.

दुसरा कागद अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतर मिळणाऱ्या मदतीचा. अधीक्षकांच्या हातात काही राहत नाही हे अर्धंच खरं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. या कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांनुसार मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा बालकल्याण समितीसमोर जायला हवा. म्हणजे तुमच्या बाबतीत जूनमध्ये. आराखड्यात 'पुढील शिक्षण घेणार' एवढंच मोघम लिहू नका. अभ्यासक्रम, त्याची वर्षं, राहण्याची जागा, संपर्कातली व्यक्ती आणि मासिक गरज, सगळं लिहा. समिती आदेशात तेच उचलते.

केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपये मिळतात, २१ वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत वाढवता येतात. इंजिनिअरिंग चार वर्षांचं, म्हणजे शेवटच्या वर्षात ती २१ पार करणार. मुदतवाढीचा अर्ज २१ पूर्ण होण्याआधी द्यावा लागेल. कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा, कारण तोवर अधिकारीही बदललेले असतील. आणि हे पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून खाणावळीचा हिशेब करू नका.

---

उत्तर : शिष्यवृत्ती_विभाग

वरचं सगळं बरोबर. फीबद्दल सांगतो.

८ जुलै २०२४ च्या जीआरने व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली. त्याच जीआरमध्ये २०२३ च्या वर्गवारीतली अनाथ मुलं आणि मुली, दोघंही आहेत. अनाथांसाठी महत्त्वाची अट ही की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात घेतलात तर ही सवलत नाही. 'ओळखीच्या कॉलेजात सीट मिळते' म्हणून देणगीदारांचे पैसे तिकडे लावू नका.

पण सवलत फक्त त्या दोन शुल्कांची. अनामत, वसतिगृह, मेस, ड्रॉइंगचं साहित्य, लॅपटॉप, बसपास हे सगळं उरतं. पुण्यात दोन वेळची मेसच तीन-चार हजार घेते, म्हणजे वात्सल्यचे पैसे तिथेच संपले. देणगीदारांना हाच खर्च सांगा. फी भरल्याचं समाधान मोठं असतं, पण मूल कॉलेज सोडतं ते बहुतेक वेळा मेसच्या थकबाकीमुळे.

महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज अडतो तो आधारवर. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत नेहमी आढळणाऱ्या अडचणी अशा :

मोबाइल नंबर अधीक्षकांचा किंवा कुणा जुन्या काळजीवाहकाचा असतो. ओटीपी त्यांच्याकडे जातो, आणि माणूस बदलून गेला की सगळं ठप्प. तिचं स्वतःचं सिम घ्या आणि आधार केंद्रावर तिला घेऊन जाऊन नंबर बदला.

१५ वर्षांनंतरचं बायोमेट्रिक अद्ययावत केलेलं नसतं, त्यामुळे बोटांचे ठसे जुळत नाहीत. त्याच फेरीत उरकून घ्या.

शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख वेगळी, आधारवर वेगळी. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून कोणती तारीख कायम ठेवायची ते दहावीच्या प्रमाणपत्रावरून ठरवा आणि मगच केंद्रावर जा. पत्त्याच्या पुराव्यासाठी मान्यताप्राप्त बालगृहाच्या प्रमुखांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं.

बँक खातं ती अल्पवयीन असताना अधीक्षकांच्या नावासह उघडलेलं असतं. १८ झाल्यावर नवीन केवायसी आणि तिची सही देऊन ते सज्ञान खात्यात बदलावं लागतं, नाहीतर व्यवहार थांबतात. त्यानंतर बँकेत स्पष्ट विचारा, 'डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग झालं का?', म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात यावेत अशी नोंद झाली का. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि मॅपिंग झालेलं असणं ही दोन वेगळी कामं आहेत. पैसे मॅपिंग झालेल्या खात्यात जातात, मग ते कुठलंही विसरलेलं जुनं खातं का असेना.

---

प्रश्न : नवीन_सभासद_वर्धा

आमच्याकडच्या मुलाची आई हयात आहे, पण सांभाळू शकत नाही म्हणून तो बालगृहात होता. त्याला हे सगळं मिळेल का?

---

उत्तर : बालसंरक्षण_कार्यकर्ती

अनाथ प्रमाणपत्र मिळणार नाही, त्यासाठी आई-वडील दोघंही नसावे लागतात. त्यामुळे १ टक्का आरक्षण आणि अनाथांची शुल्कसवलतही नाही. बालगृहातल्या बऱ्याच मुलांची हीच स्थिती असते आणि लोक सरसकट 'अनाथ' धरून चालतात, मग ऐन प्रवेशात निराशा पदरी येते.

अनुरक्षण मात्र त्याला मिळू शकतं, कारण ते संस्थेत राहिलेल्या मुलासाठी आहे. आई कुठे आहे ते माहीत असेल तर जातीचा दाखला काढण्यासाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे शाळेचे दाखले मिळवा. तो निघाला तर त्या प्रवर्गाच्या शिष्यवृत्त्या लागू होतात, नाहीतर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती बघा, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. एकच विनंती, कागदांसाठी त्याला एकट्याला आईकडे पाठवू नका. समुपदेशक किंवा केसवर्कर बरोबर असू द्या.

---

उत्तर : वसतिगृह_अधीक्षिका

राहण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहांत २ टक्के जागा अनाथांसाठी असतात. राहणं-जेवण मोफत. अर्ज कॉलेजचा प्रवेश झाल्याबरोबर करायचा. यादी लागल्यावर गेलात तर जागा भरलेली असते.

कुठल्याही वसतिगृहाचा प्रवेश घेताना विचारायचा प्रश्न म्हणजे दिवाळीत आणि मे महिन्यात मेस चालू असते का. बाकीच्या मुली घरी जातात. हिला जायला घर नाही आणि बालगृहात १८ वरच्या मुलीला ठेवता येत नाही. सुट्टीतली राहायची जागा ऑगस्टमध्येच लेखी ठरवा : कोणाकडे, किती दिवस, खर्च कोणाचा. कमवा व शिका योजना असलेल्या कॉलेजात सुट्टीतही काम मिळतं का ते पाहा, पण पहिल्या सत्रात तिला कामाला लावू नका. बारावीपर्यंत घंटेवर उठणं, घंटेवर जेवणं अशी सवय झालेली असते. पैसे कसे पुरवायचे, दवाखान्यात एकटीने कसं जायचं, रेल्वेचं तिकीट कसं काढायचं, हे आधी शिकवायला हवं. महिन्याचे पैसे एकरकमी न देता पहिलं वर्षभर आठवड्याला द्या.

आणि पहिल्या वर्षी गणित किंवा मेकॅनिक्स राहिलं तर घाबरू नका, ते पुष्कळांचं राहतं. मात्र इयर डाऊन झालं, म्हणजे पुढच्या वर्षात प्रवेशच मिळाला नाही, तर शुल्कसवलतीचं नूतनीकरण अडतं. म्हणून पहिल्या चाचणीचे गुण लागले की त्याच आठवड्यात शिकवणी लावा, सत्र संपायची वाट बघू नका.

कॉलेजात तिची माहिती प्राचार्य, शिष्यवृत्ती लिपिक आणि एक विश्वासू प्राध्यापिका, एवढ्यांनाच असू द्या. सवलतीच्या याद्या सूचना फलकावर लावताना 'अनाथ' हा रकाना छापला जातो. तो काढून यादी लावावी असं पत्र प्रवेशाच्या दिवशीच देऊन ठेवा.

---

समन्वयक_विद्यार्थी_कल्याण

सर्वांचे मनापासून आभार. मृत्यूच्या दाखल्यांपैकी वडिलांचा आहे, आईचा नाही. उद्याच ग्रामपंचायतीत माणूस पाठवते. सुट्टीतल्या जागेचा विचारच केला नव्हता.

---

बालसंरक्षण_कार्यकर्ती

ग्रामपंचायतीत नोंद नसेल तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला लेखी घ्या. उशिराच्या नोंदीच्या अर्जाला तो लागतो. आईचा मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर नोंद त्या शहराच्या नगरपालिकेत असेल, गावात नाही. तिकडेही बघा.