मदत हवी आहे: हिब्रू-ग्रीक मूळ शब्दांवरून वचन शिकताना अर्थ नेमका ठरवायचा कसा?

मेकोसाबागकर

सर्वांना सलाम.

नागपुरात आमच्याकडे दर आठवड्याला घरगुती शास्त्रपाठ असतो. सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) लोक आहेत, मेथडिस्ट आहेत, काही कॅथलिक कुटुंबंही येतात. निरनिराळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झाली. त्यामुळे निरनिराळ्या परंपरेतली माणसं एका सतरंजीवर बसणं आपल्याकडे जुनंच आहे, आणि मला ते फार प्रिय आहे.

गेल्या काही महिन्यांपासून तरुण मुलं मोबाईलवर स्ट्राँगचे क्रमांक (बायबलमधल्या प्रत्येक मूळ हिब्रू-ग्रीक शब्दाला दिलेले क्रमांक, सोबत इंग्रजीत अर्थ) उघडून बसायला लागली आहेत. वचन वाचलं की लगेच कुणीतरी सांगतं, मुळात असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ असा. मुलं वचनाशी इतकी झटून राहिली आहेत याचा मला आनंदच आहे. पण अडचण अशी की त्यांनी सांगितलेला अर्थ खरा आहे की नाही हे तपासायचं साधन माझ्यापाशी नाही. मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायकांना इंग्रजी येत नाही, त्या नुसत्या माना डोलावतात. घरी जाताना एकीने मला विचारलं, "म्हणजे आपलं मराठी बायबल चुकीचं आहे का गं?" हा प्रश्न मला फार लागला.

ताजं उदाहरण यशया ४०:३१ चं. आपल्याकडे "परमेश्वराची आशा धरून राहणारे" असं आहे. एका मुलाने सांगितलं की मूळ शब्द "कावा", त्याचा खरा अर्थ दोरीचे पेड वळणं. म्हणून हे वचन वाट पाहण्याबद्दल नाहीच, देवाशी पीळ पडून एक होण्याबद्दल आहे. सगळ्यांना ते आवडलं. मलाही आवडलं, पण मन मानत नाही.

माझे प्रश्न असे. एखाद्या वचनात मूळ शब्दाचा कोणता अर्थ घ्यायचा हे कसं ठरवतात? स्ट्राँगमध्ये जेवढे अर्थ दिलेत त्यातला कोणताही घेता येतो का? आणि हे सगळं मराठीतून शिकवायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? सेमिनरीत शिकलेले किंवा स्वतः अभ्यास केलेले कुणी असतील तर कृपया सविस्तर सांगा.

जुना_करार_वाचक

ताई, सलाम. दोरीपासूनच सुरू करतो, कारण त्यात बाकीचं बरंच येऊन जातं.

त्या मुलाने मनाने काही रचलेलं नाही. स्ट्राँगमध्ये ६९६० क्रमांकाखाली "एकत्र बांधणे, बहुधा पीळ देऊन" असंच आधी लिहिलंय आणि वाट पाहणं, अपेक्षा करणं हे नंतर येतं. आधी लिहिलंय म्हणून तोच खरा अर्थ, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण तो क्रम धातूच्या व्युत्पत्तीचा अंदाज सांगतो. यशयाने तो शब्द कोणत्या अर्थाने वापरला हे त्यावरून कळत नाही.

ते कळायला यशयाकडेच जायचं. अध्याय ५ उघडा, द्राक्षमळ्याचं गीत. मालक जमीन खणतो, धोंडे वेचतो, उत्तम वेल लावतो, आणि मग द्राक्षांची वाट पाहतो. २ ऱ्या, ४ थ्या आणि ७ व्या वचनात हाच धातू आहे. तिथं दोरीचा पीळ घालून बघा: "त्याने द्राक्षं येण्यासाठी पीळ दिला." वाक्यच मोडतं. अध्याय ५९:९ मध्ये लोक उजेडाची वाट पाहतात, तिथंही हाच. स्तोत्र १३०:५ मध्येही हाच. म्हणजे आपल्या मराठी भाषांतरकारांनी "आशा धरून राहणारे" लिहिलं ते अगदी जागेवर आहे. त्या माउलीला हे नक्की सांगा.

आता दोरीचं मूळ अगदीच हवेत आहे का? तसंही नाही. याच धातूशी जोडला जाणारा "तिक्वा" हा शब्द बहुतेक ठिकाणी "आशा" म्हणून येतो, पण यहोशवा २:१८ मध्ये राहाबने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही तोच आहे. हे सांगायला हरकत नाही, सुंदरच आहे. फक्त "या वचनाचा अर्थ हा" असं म्हणायचं नाही.

आणि खरं धन त्याच वचनात पुढे आहे, तिकडे कुणी पाहत नाही. "नवीन शक्ती संपादन करतील" या ठिकाणी मुळात "हालफ" धातू आहे, बदलणं या अर्थाचा. याच रूपात तो उत्पत्ति ३५:२ मध्ये येतो, याकोब घरच्यांना कपडे बदला म्हणतो तिथं. आणि ईयोब १४:७ मध्ये, तोडलेल्या झाडाला पुन्हा धुमारे फुटतात तिथं. थकलेल्या माणसाची शक्ती बदलून नवी येते, असं हे वचन आहे. २७ व्या वचनापासून सलग वाचा: देवाला आमची वाट दिसतच नाही असं इस्राएल कुरकुरतोय, तरुणसुद्धा ठेचकाळतात, आणि त्यावर हे उत्तर येतं. हे मी उपासनेत पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझाच गळा दाटून आला होता.

शब्दशोध

वरच्या उत्तरात थोडी भर.

स्ट्राँग म्हणजे मुळात शब्दसूची. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० मध्ये ती किंग जेम्स इंग्रजी बायबलसाठी केली. प्रत्येक मूळ शब्दाला एक क्रमांक, हिब्रूचे ८६७४ पर्यंत, ग्रीकचे ५६२४ पर्यंत. शब्द कुठे-कुठे आला हे शोधायला ती अजूनही उत्तम आहे. अर्थाचा शेवटचा निवाडा तिच्याकडे मागू नये, याची दोन कारणं.

एक, हिब्रू क्रियापदाला "बिन्यान" असतात, म्हणजे एकाच धातूची ठरावीक साच्यातली रूपं: काल, पिएल, हिफिल वगैरे. मराठीत करणे-करवणे, मरणे-मारणे यांत अर्थ बदलतो तसाच तिथं बदलतो. क्रमांक मात्र सगळ्यांना एकच.

दोन, दिसायला सारखे पण अर्थाने निराळे शब्द स्ट्राँगमध्ये कधी एकाच क्रमांकाखाली जातात. "हेसेद" पाहा, क्रमांक २६१७. स्तोत्र १३६ च्या सव्वीसही वचनांत "त्याची दया सनातन आहे" हे येतं, तो हा शब्द. पण लेवीय २०:१७ मध्ये हीच अक्षरं लाजिरवाण्या कृत्यासाठी आहेत. नीतिसूत्रे १४:३४ मध्येही कलंक असाच अर्थ. क्रमांक तोच. कुणी म्हणालं की हेसेदमध्ये दया आणि लाज दोन्ही भरलेत, तर मोठाच गोंधळ. ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज यांच्या १९०६ च्या हिब्रू कोशात हे दोन शब्द वेगळे मांडलेत.

साधन म्हणाल तर केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल मोफत आहे. शब्दावर टिचकी मारली की तो बायबलमध्ये कुठे-कुठे आलाय ती वचनं समोर येतात. अर्थाचा रकाना आधी झाका आणि वचनं वाचा. ती वचनं आपल्या मराठी बायबलमधून वाचायची, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यांनाही यात पूर्ण भाग घेता येतो. एकाने संदर्भ सांगायचा, बाकीच्यांनी काढायचा.

क्रमांकाच्या बाबतीत एक सावधगिरी. हिब्रू प्रतीत स्तोत्राचं शीर्षकही पुष्कळदा वचन म्हणून मोजतात. आपलं ५१:१ तिथं ५१:३ असतं. योएल २:२८ तिथं ३:१. वचन सापडलं नाही तर घाबरू नका, एक-दोन वचनं पुढे किंवा पुढच्या अध्यायात पाहा.

सदरची_माई

मी काही शिकलेली नाही या विषयात, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ताई, तुमच्याकडच्या बायकांना पंडिता रमाबाईंचं सांगा. मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायका सांभाळता सांभाळता त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्ख्या बायबलचं भाषांतर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलं. १९२२ मध्ये गेल्या, त्याआधी काम पुरं केलं. एका मराठी बाईने मूळ भाषा शिकून आपल्यासाठी एवढं केलंय, मग मूळ भाषा म्हणजे इंग्रजी येणाऱ्यांचीच मालमत्ता कशी?

आणि दुसरं. मोबाईल उघडण्याआधी दोन-तीन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. जुनी प्रत, नवी प्रत, कॅथलिक कुटुंबांकडची प्रत. जिथं तिन्ही सारखं म्हणतात तिथं बहुधा वाद नसतो. जिथं शब्द बदलतो तिथं मूळ पाहायचं. आमच्या महिला मंडळात आम्ही असंच करतो आणि बायका भरभरून बोलतात.

मेकोसाबागकर

माई, जुना_करार_वाचक भाऊ, शब्दशोध, मनापासून आभार. द्राक्षमळ्याचं उदाहरण मी त्या मुलाला दाखवलं. त्याने स्वतःच ५९ वा अध्याय काढला आणि म्हणाला, "काकू, आणखी कुठं कुठं आहे ते मी काढून आणतो." मला हेच पाहिजे होतं.

आता योहान २१ बद्दल विचारते. येशू पेत्राला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय. पहिल्या दोन वेळा "अगापाओ" आणि तिसऱ्या वेळी "फिलेओ", पेत्र मात्र तिन्ही वेळा "फिलेओ" म्हणतो. यावर मी किती संदेश ऐकले असतील. अगापे म्हणजे दैवी निःस्वार्थ प्रेम, फिलेओ म्हणजे नुसती मैत्री. पेत्र वर चढू शकला नाही, म्हणून प्रभू खाली उतरला. हे धरून चालायचं का?

ग्रीक_शिकतोय

ताई, शब्द बदलतात हे खरं आहे. त्याला एवढा अर्थ लावता येतो का, हे योहानालाच विचारू.

योहान ३:३५ मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो, तिथं अगापाओ. ५:२० मध्ये हेच विधान, तिथं फिलेओ. पित्याची पुत्रावरची प्रीती "नुसती मैत्री" कशी म्हणायची? ज्या शिष्यावर येशूची प्रीती होती तो १३:२३ मध्ये अगापाओने येतो आणि २०:२ मध्ये फिलेओने. उलट बाजूने, ३:१९ मध्ये माणसांना अंधार आवडला, तो अगापाओ. परूशांना सभास्थानातली पुढची आसनं आवडतात, लूक ११:४३ मध्ये अगापाओ आणि मत्तय २३:६ मध्ये फिलेओ. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, २ शमुवेल १३ पाहा: अम्नोनाला तामारेबद्दल जे वाटलं, ज्यातून पुढे तिच्यावर अत्याचार झाला, त्यालाही अगापाओच आहे. शब्दात आपोआप पावित्र्य भरलेलं नसतं. १ करिंथ १३ मधलं प्रेम थोर आहे ते पौलाने त्याचं जे वर्णन केलं त्यामुळे.

शिवाय त्याच तीन वचनांत योहान इतरही शब्द बदलतो. कोकरे, मग मेंढरे. चारणे, मग पाळणे. १७ व्या वचनात "ठाऊक आहे" साठी दोन निराळी क्रियापदं. कोकरं आणि मेंढरं यांवर कुणी सिद्धांत बांधत नाही. आणि पेत्राला दुःख का झालं ते योहान सांगतोच, तिसऱ्यांदा विचारलं म्हणून. तरी काही चांगले अभ्यासक हा भेद मानतात हेही मुलांना सांगा. माझं मत मात्र वर लिहिलंय तेच.

या अध्यायात मूळ शब्द पाहायचाच असेल तर ९ वं वचन घ्या. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, ग्रीक शब्द "अंथ्राकिया". नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी आहे: इथं, आणि १८:१८ मध्ये, जिथं पेत्र शेकत उभा होता आणि त्याने प्रभूला नाकारलं. तीनदा नाकारणं, तीनदा विचारणं, आणि दोन्हीकडे तसाच विस्तव. यासाठी कोशाचीही गरज नाही, फक्त शब्द कुठे आलाय ते पाहायचं.

धातूवरून अर्थ काढण्याची सवय सोडवायला प्रेषित १९ वापरा. एक्लेसिया म्हणजे "बाहेर बोलावलेले", म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर काढलेले, असं शिकवतात. इफिस इथल्या नाट्यगृहात आरडाओरडा करणाऱ्या गर्दीलाही ३२ व्या वचनात एक्लेसियाच म्हटलंय. रोम १:१६ मधल्या "दुनामिस" (सामर्थ्य) या शब्दाचंही तेच, त्यावरून सुवार्ता म्हणजे देवाचं डायनामाइट असं सांगतात. डायनामाइट हा शब्द नोबेलने १८६७ मध्ये त्यावरून घेतला. पौलाच्या मनात सुरुंग असणं शक्य नाही. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्येच या पद्धतीवर सडकून टीका केली आहे, ती आजही लागू आहे.

आणि आपल्या मराठीची एक बाजू. ग्रीकमध्ये "आपण" आणि "आम्ही" असा भेद नाही. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य म्हणतात, बुडतोय. भाषांतरकाराला ठरवावं लागतं: "आपण बुडतोय" की "आम्ही बुडतोय"? पहिल्यात येशूही होडीत त्यांच्याबरोबर बुडणार आहे, दुसऱ्यात ते त्याला वेगळा काढतात. इंग्रजीत हा प्रश्न येतच नाही. तुमच्या बायकांना हे विचारा, मुलांच्या आधी त्या उत्तर देतील.

मेकोसाबागकर

हे वाचून मी मार्क ४ लगेच काढून बसले. पुढच्या बैठकीत यशया ५ आणि ४० एकत्र घेते, त्यानंतरच्या आठवड्यात योहान १८ आणि २१. माईंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना आपापली प्रत आणायला सांगितली आहे.

एक छोटी शंका राहिली. फळ्यावर हिब्रू शब्द देवनागरीत लिहायचा आहे. "कावा" लिहिलं तर लोक गनिमी कावा वाचतील. कसं लिहू?

जुना_करार_वाचक

"कावाह" लिहा ताई, आणि म्हणताना जोर शेवटच्या अक्षरावर द्या. शेजारी हिब्रू अक्षरंही काढा, तीनच आहेत: कोफ, वाव, हे. उजवीकडून डावीकडे. मुलांना ती पाच मिनिटांत येतात, आणि बायकांनाही.