घरच्या घरी पंक्चर काढताना आलेले अनुभव

गेल्या रविवारी सकाळी नागपुरातल्या अंबाझरीहून परतताना माझ्या सायकलच्या मागच्या चाकातली हवा गेली. घरी येऊन पंक्चर काढले, ठिगळ नीट बसले, आणि तरीही संध्याकाळपर्यंत चाक पुन्हा सपाट झाले. ट्यूब दुसऱ्यांदा पाण्यात धरली तेव्हा बुडबुडे पहिल्या ठिगळातून नव्हे, तर त्याच्यापासून बोटभर अंतरावरून येत होते. बाभळीचा काटा टायरच्या पृष्ठभागाशीच तुटला होता; बाहेरून केवळ काळा ठिपका दिसत होता, पण आतल्या बाजूने त्याचे टोक अर्ध्या तांदळाएवढे वर आले होते. पंक्चर काढण्यातले निम्मे काम छिद्र कशाने पडले हे शोधण्याचे असते, हे मला त्या दिवशी पटले. आपल्यालाही असे अनुभव आले असतील, तर कारण कसे सापडले यासह, आपल्या वस्तीच्या नावाने, सविस्तर लिहावेत.

महाल : माझ्याकडे वडिलांची २८ इंची काळी सायकल आहे. मे महिन्यात तिची हवा रोज रात्रीतून जाऊ लागली. संपूर्ण ट्यूब परातीत फिरवूनही एक बुडबुडा दिसेना. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडाला थोडी थुंकी लावली, तेव्हा तिथेच फुगा धरला. आतली वॉलट्यूब, म्हणजे हवा अडवणारी बारीक रबरी नळी, उन्हाने चिकट होऊन चिरली होती. ती बदलायला दोन मिनिटे पुरली. म्हणून टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्ह तपासावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मनीषनगर : मुलीच्या सायकलला मी लावलेली पहिली तिन्ही ठिगळे निघाली, कारण सोल्यूशन, म्हणजे ठिगळ चिकटवायचा पातळ डिंक, लावल्या लावल्या मी ठिगळ दाबत होते. सोल्यूशनमधला द्रव उडून गेल्याशिवाय पकड येत नाही, हे मला ठाऊक नव्हते. आता छिद्राभोवतीची जागा ठिगळापेक्षा थोडी मोठी धरून पॉलिशपेपरने घासते. ट्यूबवर साच्याची जी उभट रेघ असते ती छिद्राजवळून जात असेल तर ती पूर्ण सपाट होईपर्यंत घासते, कारण तिच्या कडेने हवा वाट काढते. मग सोल्यूशनचा पातळ थर देऊन त्याची ओली चकाकी जाईपर्यंत थांबते. एरवी याला पाचेक मिनिटे लागतात, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. त्यानंतर ठिगळ मध्यापासून कडांकडे दाबत नेते आणि वरून टाल्कम पावडर लावते, म्हणजे उरलेले सोल्यूशन टायरला चिकटत नाही. एकदा फोडलेली सोल्यूशनची नळी पुढच्या वेळेपर्यंत बहुधा वाळून जाते, ही मात्र आमच्याकडची कायमची अडचण आहे.

धंतोली : शेजारी शेजारी दोन लहान चिरा दिसल्या, तर काटा शोधत बसू नये. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळले की ट्यूब रिमच्या कडेत चिमटली जाते. टायरच्या बाजूवर किती पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरावी ते छापलेले असते, ते अवश्य वाचावे.

गोरेवाडा : ट्यूब काढण्यापूर्वी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूने खूण करावी. छिद्र सापडल्यावर ट्यूब त्याच खुणेशी जुळवून टायरवर ठेवली, की टायरमधली दोषाची जागा थेट हाताशी येते. छिद्र ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर रिमची पट्टी सरकून आऱ्याचे टोक टोचले असण्याचा संभव अधिक. काटा शोधण्यासाठी टायरच्या आतून बोट फिरवू नका. माझे बोट तारेच्या तुकड्याने चांगलेच कापले होते. कापसाचा बोळा फिरवावा, तो टोकाला अडकतो.

पहिल्या पत्राचा लेखक : गोरेवाड्याचे दादा, आज कापसाचा बोळा दोन्ही टायरमधून फिरवला. मागच्यात काही नव्हते. पुढच्या टायरमध्ये मात्र, ज्यातली हवा अजून गेलेली नाही, गोखरूचा एक काटा जवळजवळ आरपार आलेला सापडला. तो चिमट्याने काढला आहे.