मदत हवी आहे : तालुक्याच्या रुग्णालयात सोनोग्राफी मशीन आहे, बघणारं कोणी नाही. सुरू कशी करून घ्यायची?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या बाजूच्या एका गावात आशा म्हणून काम करते. नऊ वर्षं झाली. या विषयातलं कळणारं इथे कोणीतरी असेल या आशेने लिहिते आहे.

आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सोनोग्राफीचं मशीन आहे. ते चालवणाऱ्या मॅडम बदलून गेल्या त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून खोलीला कुलूप. मागच्या महिन्यात सिस्टरांनी जुनं रजिस्टर काढायला दार उघडलं तेव्हा मी आत डोकावले. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’चा बोर्ड, मशीनवर फुलाफुलांची चादर, आणि जेलच्या बाटलीच्या तोंडाशी सुकून धरलेला पापुद्रा.

माझ्याकडच्या एका बाईचं सांगते. पहिलं सिझर, आता दुसऱ्यांदा दिवस गेलेले. पाचव्या महिन्यातली, १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी करायला जिल्ह्याची चिठ्ठी मिळाली. ७० किलोमीटर. नेमका कापूस फुटलेला. सासू म्हणाली, “वावर पांढरं होऊन रायलं ताई. एक दिवस गेलो म्हंजे दोघींची मजुरी बुडाली. तिचं पोट दुखून रायलं का? मंग?” सरकारी तपासणी फुकट आहे, गाडीही मिळते, हे सगळं मी सांगितलं. पण मजुरी कोण भरून देणार? खाजगीत हजार-बाराशे रुपये लागतात, तो विषयच नव्हता. सोनोग्राफी राहून गेली.

सातव्या महिन्यात एका पहाटे तिच्या अंगावरून रक्त गेलं. १०२ला फोन केला, जिल्ह्याला नेलं. तिथे सोनोग्राफीत दिसलं की वार (प्लासेंटा, जिला बाळाची नाळ जोडलेली असते) गर्भाशयात खाली आहे, आधीच्या सिझरच्या टाक्याजवळच. वार खाली असली की बहुतेक वेळा पोट दुखत नाही, नुसतं रक्त जातं. सासूबाईंच्या त्या प्रश्नाचं हे उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. तेच रक्त कळा सुरू झाल्यावर घरी किंवा उपकेंद्रात गेलं असतं तर ते थांबवायला आमच्याकडे काहीही नाही. आता ती जिल्ह्याच्या गावी बहिणीकडे राहून सिझरच्या तारखेची वाट बघते आहे.

रुग्णालयात एक्स-रेचे टेक्निशियन दादा आहेत. मी त्यांनाच विचारलं, तुम्ही का नाही करत? ते म्हणाले, “एक्स-रेची फिल्म मी काढतो, ती नंतर कोणताही डॉक्टर वाचू शकतो. सोनोग्राफीत प्रोब फिरवता फिरवताच बघावं लागतं. त्या वेळी जे नजरेतून सुटलं ते रिपोर्टात कुठून येणार?” इंग्लंड-अमेरिकेत डॉक्टर नसलेले, पण खास शिकलेले सोनोग्राफर हे काम करतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यामुळे गरोदर बाईची सोनोग्राफी स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट किंवा खास प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टर यांनीच करायची. हा कायदा ढिला करा असं मी मुळीच म्हणत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. गावात घरोघरी फिरताना ते आकडे मला चेहऱ्यांसकट आठवतात. पण कायदा पाळूनही मशीन चालवता येत असणारच ना?

तर मला हे विचारायचं आहे. कोणाच्या तालुक्यात आधीपासून असलेल्या मेडिकल ऑफिसरनाच प्रशिक्षणाला पाठवून सोनोग्राफी सुरू झाली का? त्यासाठी कोण कोणाच्या मागे लागलं? आणि दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते (२०१६पासून चालू आहे, खाजगी डॉक्टरांनी त्या दिवशी सेवा द्यावी असं त्यातच आहे), त्या दिवसापुरते बाहेरचे डॉक्टर आणून मशीन चालवता येतं का? आमच्या गावातल्या दोघी-तिघी तेवढ्या दिवशी नक्की येतील. तालुक्याला बाजाराला तर येतातच.

भर, तीन दिवसांनी : सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसादांतून बरंच कळलं. प्रशिक्षणाचे नियम २०१४चे आहेत, सहा महिन्यांचं, ३०० तासांचं आणि शेवटी परीक्षा. पण आमच्याकडे मेडिकल ऑफिसर बहुतेक बाँडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी) येतात आणि वर्ष झालं की जातात. सहा महिने शिकण्यात गेले तर रुग्णालयाला काय उरणार? म्हणून कायम नेमणुकीच्या डॉक्टरांनाच पाठवायला हवं, हे एका डॉक्टरांनी लिहिलं ते मला पटलं. तालुक्यात असे एकच आहेत, आणि ते मूळचे याच भागातले.

बाहेरच्या डॉक्टरांबद्दलही कळलं. कोणीही येऊन मशीन लावू शकत नाही. त्यांचं नाव त्या केंद्राच्या नोंदणीत असावं लागतं, एका जिल्ह्यात एका डॉक्टरला जास्तीत जास्त दोनच केंद्रं, आणि येण्याच्या वेळा लिहून द्यायच्या. म्हणजे ज्यांचं एकच केंद्र आहे अशा डॉक्टरांना विचारायला हवं. हे मला इतके दिवस कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्या रुग्णालयाची नोंदणी पाच वर्षांची असते, ती चालू आहे की संपली हे आधी बघा, असंही एकांनी सुचवलं. ते उद्याच विचारते.

अर्ज सिव्हिल सर्जनच्या नावाने करायचा आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावायचा, एवढं ठरवलं आहे. आम्ही अकरा आशा आणि दोन सरपंच सही करणार आहोत. असा अर्ज कोणी आधी केला असेल तर त्याचा मायना इथे टाकाल का? कोणता मुद्दा आधी लिहायचा, तेवढं सांगितलं तरी चालेल. बैठक पुढच्या गुरुवारी आहे.