बारावीची केमिस्ट्री आणि ग्रुप स्टडी: आपापले अनुभव लिहा

भाची बारावीला आहे. केमिस्ट्रीचा अभ्यास म्हटला की ती आणि तिच्या मैत्रिणी दार लावून एकत्र बसतात, आत अभ्यास किती आणि खिदळणं किती ते बाहेरून कळत नाही, त्यामुळे घरात रोज वाद. तर ज्यांनी ही फायनल मित्रमंडळींसोबत बसून काढली त्यांनी लिहा, काय जमलं, काय फसलं. उपदेश नको प्लीज.

सुरुवात मीच करते. आम्ही चौघी होतो आणि धडे वाटून घेतले होते, पण अट अशी की जिला जो धडा सगळ्यात कमी येतो तोच तिने बाकीच्यांना शिकवायचा. माझ्या वाट्याला इलेक्ट्रोकेमिस्ट्री. झिंकचं इलेक्ट्रोड पोटेन्शियल उणे ०.७६, कॉपरचं अधिक ०.३४, म्हणून या दोघांची बॅटरी म्हणजे डॅनियल सेल १.१० व्होल्ट, हे सगळं पाठ, आणि एकजण विचारते, अगं इथे कॅथोड प्लस कसा, इलेक्ट्रोलिसिसमध्ये तर मायनस असतो ना? सगळ्या गप्प. मग पुस्तकं उघडून तासभर भांडलो तेव्हा कुठे डोक्यात बसलं की रिडक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणं, जिथे होतं तो कॅथोड, चिन्ह काहीही असो. वर्गात हे ऐकलं नव्हतं असं नाही, पण कोणी अडवून विचारलं नव्हतं.

– – –

आमच्याकडे न्युमरिकलसाठी एक सवय होती, सगळ्यांनी एकच गणित वेगवेगळं सोडवायचं आणि उत्तर एकदम उघड करायचं. एकदा गिब्ज एनर्जीचं होतं, एन्थाल्पी उणे ५० किलोज्यूल, एन्ट्रॉपी उणे १०० ज्यूल प्रति केल्विन, तापमान २९८. दोघांचं उत्तर उणे २०.२ आणि एकाचं अधिक २९,७५०! म्हणजे आमच्या मते रिअ‍ॅक्शन आपोआप होणार आणि त्याच्या मते अजिबात नाही, तो तर शेवटपर्यंत हटायला तयार नव्हता, मग लक्षात आलं की ज्यूलचे किलोज्यूल केलेच नव्हते. त्यानंतर आकड्याआधी एकक लिहायचं हा कायदाच झाला. गॅस कॉन्स्टंट आर ८.३१४ कधी आणि ०.०८२१ कधी हेही तसंच सुटलं, प्रेशर अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये आणि व्हॉल्यूम लिटरमध्ये असेल तर दुसरा.

– – –

मला नाही जमलं बुवा. इनऑरगॅनिकमधले पी ब्लॉक आणि डी ब्लॉक चारजणांत बसून होत नाही, ते एकट्यानेच घोकावं लागतं. इलेक्ट्रॉनची मांडणी क्रोमियमची ३डी५ ४एस१, कॉपरची ३डी१० ४एस१, यात चर्चा कसली करणार? ग्रुपमध्ये मी फक्त डाउट्स घेऊन जायचो आणि अर्ध्या तासात परत.

– – –

वरच्यांशी इनऑरगॅनिकपुरती सहमत, पण ऑरगॅनिकला ग्रुप हवाच हवा. आम्ही चिठ्ठ्या करायचो, एकीवर कंपाउंड, एकीवर रिएजंट, दोन्ही उचलायच्या आणि काय होईल ते सांगायचं. बेन्झाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन नाही म्हणून कॅनिझारो रिअ‍ॅक्शन, अ‍ॅसिटाल्डिहाइडला आहे म्हणून आल्डॉल, इथपर्यंत सगळे शहाणे. एकदा चुकून दोन्ही कंपाउंडच्या चिठ्ठ्या एकत्र आल्या, सोबत डायल्यूट अल्कली. आता बोला! खूप आरडाओरडा झाला आणि शेवटी क्रॉस आल्डॉल करून गरम केल्यावर पाणी निघून सिनॅमाल्डिहाइड तयार होतं इथे पोचलो, दालचिनीला वास ज्याचा असतो तेच. हल्ली तयार फ्लॅशकार्डं मिळतात म्हणे, पण असे गोंधळ त्यात कोणी छापत नाही.

– – –

प्रॅक्टिकलबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझा पार्टनर टायट्रेशनमध्ये राजा होता. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं करताना फ्लास्क ६०-७० डिग्रीपर्यंत तापवायचा आणि सुरुवातीला रंग जायला वेळ लागतो म्हणून घाबरायचं नाही, थोडं मँगनीज टू प्लस तयार झालं की तेच रिअ‍ॅक्शनला वेग देतं, हे त्याने मला बाकावर उभ्या उभ्या समजावलं. मोहर सॉल्टला मात्र तापवायचं नाही, त्यातलं फेरस (लोह) हवेतच ऑक्सिडाइज होतं. आणि अ‍ॅसिड सल्फ्युरिकच, एचसीएल घातलं तर परमँगनेट क्लोराइडवरच खर्च होणार. व्हायव्हाला मला नेमकं हेच विचारलं. गडद रंगामुळे ब्युरेटचं रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं हेही त्याचंच.

– – –

मी नोकरी करून बाहेरून बसले होते, त्यामुळे एकत्र बसणं वगैरे कुठलं. मैत्रिणीला व्हॉइस मेसेज करायचे, एक मेसेज एक टॉपिक, ती ऐकून कुठे अडलं ते पाठवायची. फर्स्ट ऑर्डरची हाफ लाइफ ०.६९३ भागिले के (रेट कॉन्स्टंट), यात सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन का येत नाही हे बोलून समजावताना घाम फुटतो, करून बघा.

– – –

शेवटचे काही दिवस आम्ही फक्त जुने पेपर वेळ लावून लिहिले आणि वह्या बदलून तपासले. मित्र परीक्षकापेक्षा वाईट तपासतात हो! अ‍ॅनिलीन मिथाइलअमाइनपेक्षा कमी बेसिक का, याला मी ‘रेझोनन्समुळे’ एवढंच लिहिलं तर भाऊसाहेबांनी शून्य दिला, म्हणे कशाचा रेझोनन्स, नायट्रोजनची लोन पेअर रिंगमध्ये जाते हे कोण लिहिणार. त्या शून्यावरून अबोला झाला होता आमचा. फायनलला तोच प्रश्न आला आणि बाहेर आल्यावर तो काही बोलायच्या आत मीच म्हणालो, लोन पेअर लिहिलीय, गप बस.