अनाथ, पोरकी की टाकलेली?

प्रश्न : अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथच्या १९२१ मधील ‘ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म’ या मूकपटाच्या पाट्यांचे, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या लिखित मजकुराचे, मी मराठी करीत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील या कथेत हेन्रिएट आणि आंधळी लुईस या दोघी बहिणींची पॅरिसमध्ये ताटातूट होते. हेन्रिएटचे आईवडील साथीत दगावले आहेत. लुईस मात्र त्यांना पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या पायरीवर सापडलेली मुलगी असून तिला जन्म देणारी आई, एक सरदारपत्नी, हयात आहे. असे असता दोघींनाही ‘अनाथ’ म्हणणे बरोबर ठरेल काय?

प्रतिसाद १ : निःशंकपणे म्हणावे. ‘अनाथ’ या शब्दात मरण कुठेच नाही; ज्याला नाथ, म्हणजे सांभाळणारा नाही, तो अनाथ. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या संस्थेचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ होते आणि तेथे येणाऱ्या कित्येकींचे आईवडील जिवंत असत, हे येथे आठवावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही, ज्याचा कायदेशीर पालक सांभाळण्यास राजी वा समर्थ नाही, असे मूल अनाथाच्या व्याख्येत बसते. इंग्रजी ‘ऑर्फन’ या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘वंचित झालेला’ असा आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते आपल्या ‘अर्भक’ या शब्दाशी जोडतात, ही गोष्ट मला तरी फार सुंदर वाटते.

प्रतिसाद २ : व्युत्पत्ती मान्य, पण शब्दाला वापराचा वासही लागतो. आज ‘अनाथ’ म्हटले की आश्रम, देणगीची पावती आणि सरकारी दाखला डोळ्यांपुढे येतो. ‘पोरकी’ हा शब्द घरातला आहे. सत्तर वर्षांचा गृहस्थ आई गेल्यावर “आज मी पोरका झालो” असे म्हणतो आणि कोणालाही ते खटकत नाही. त्याच जागी तो “मी अनाथ झालो” म्हणाला, तर ऐकणारा चपापेल. शिवाय लुईसला पोरकेपण दोनदा आले आहे, एकदा जन्मदात्रीपासून आणि पुन्हा पाळणाऱ्या आईवडिलांच्या मृत्यूने. ज्या १८७४ च्या फ्रेंच नाटकावर चित्रपट बेतला आहे, त्याच्या नावातील ‘अनाथ’ या अर्थाचा शब्द स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. ‘अनाथ’ मध्ये ते लिंग दिसतच नाही, ‘पोरक्या’ मध्ये दिसते.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. माझी खरी अडचण एका प्रसंगाची आहे. हेन्रिएटच्या खोलीत ती सरदारपत्नी बसली आहे, हेन्रिएट तिला लुईसची हकिगत सांगते आहे, आणि ही आपलीच मुलगी हे त्या बाईच्या ध्यानात येते न येते तोच खाली रस्त्यावर भीक मागत गाणाऱ्या लुईसचा आवाज वर येतो. आईसमोर तिच्याच मुलीला ‘अनाथ’ म्हणवत नाही. म्हणून मी ‘टाकलेली’ असे लिहिले होते.

प्रतिसाद २ : तो शब्द कृपया काढा. मराठीत ‘टाकलेली’ म्हणजे आधी नवऱ्याने टाकलेली बायको. ‘पायरीवर ठेवलेली’ असे लिहाल तर त्याहून भलताच घोटाळा होईल.

प्रतिसाद १ : हेन्रिएटला टाकणाऱ्यांशी काही देणेघेणेच नाही. तिचे वडील गरिबीला कंटाळून स्वतःच्या तान्ह्या मुलीलाच पायरीवर सोडायला गेले होते आणि थंडीत रडणारे दुसरे बाळ पाहून दोघींना घेऊन परत आले. ती ‘सापडलेली’ म्हणेल.

प्रश्नकर्ता : मग पाटी अशी होईल : “ती आम्हाला नोत्र दामच्या पायरीवर सापडली.” नाव ‘वादळातल्या पोरक्या’ असे ठेवतो, ‘अनाथ’ हा शब्द कथेतील क्रांतिकाळच्या न्यायसभेच्या तोंडी येईल तेवढाच.