'अज्ञात इसम' की 'अनोळखी व्यक्ती'?

शाईपेन: इंग्लंडमधल्या जमीन-नियोजनाच्या कायद्यावरचा लेख मराठीत करतेय. तिकडे परवानगीशिवाय मोकळ्या जमिनीवर कॅरव्हॅन लावून कोणी राहायला लागलं की कौन्सिल कोर्टात जाते, पण माणसं कोण हेच माहीत नसतं, म्हणून 'पर्सन्स अननोन'विरुद्ध इंजंक्शन मागते. 1990 च्या प्लॅनिंग ॲक्टच्या कलम 187 बी मध्ये तशी सोयच आहे. मी लिहिलं 'अज्ञात इसमांविरुद्ध मनाई हुकूम'. संपादक म्हणतात हे पोलीस ठाण्याचं मराठी, 'अनोळखी व्यक्तींविरुद्ध व्यादेश' करा. काय करू?

कोर्टाचीपायरी: व्यादेश कोशात आहे, तिथेच सुखी राहू दे. इतकी वर्षं तालुका कोर्टात बसतोय, एका पक्षकाराच्या तोंडून ऐकला नाही. लोक मनाई म्हणतात, नाहीतर सरसकट 'स्टे मिळाला', स्टे वेगळा हे सांगून दमलो.

देवगिरी: लोक काहीही म्हणतील! मनाई अरबी, हुकूम अरबी, इसम अरबी. मराठी काय उरलं, 'विरुद्ध'? तोही संस्कृत 😀

गूळपोळी: पण इसमची गंमत बघा ना, अरबीत इस्म म्हणजे नाव. जुन्या कागदांत इसमवार म्हणजे नावनिशीवार. म्हणजे अज्ञात इसम = नाव न कळलेलं नाव, अगदी चपखल! अनोळखी वेगळं, माझ्या लग्नातले निम्मे पाहुणे मला अनोळखी होते पण यादीत नावं होती.

मिडलँड्सकर: मला दोन्ही पटत नाहीत. 2023 च्या नोव्हेंबरात इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा वुल्व्हरहॅम्प्टन कौन्सिलच्या खटल्यातला निकाल आला, त्यात सगळा वाद 'न्यूकमर्स'चा, म्हणजे जे अजून त्या जमिनीवर आलेच नाहीत, कदाचित येणारही नाहीत, त्यांनाही बांधेल असा हुकूम देता येतो का. कोर्ट म्हणालं येतो, पण सबळ गरज दाखवा, मुदत आणि जागा आटोपशीर ठेवा, लोकांना कळेल अशी नोटीस द्या. 'अज्ञात इसम' म्हटलं की काहीतरी करून पळालेला डोळ्यासमोर येतो, इथे तर कुणी काही केलेलंच नाही.

शाईपेन: मग 'आगंतुक'?

मिडलँड्सकर: नको हो, त्यात टोमणा आहे. ही बहुतेक जिप्सी आणि ट्रॅव्हलर मंडळी, त्यांना थांबायला अधिकृत जागाच पुरत नाहीत. आणि 'भटके'ही करू नका, आपल्याकडे तो आरक्षणाचा प्रवर्ग आहे, वाचक भलतंच समजेल.

देवगिरी: 'संभाव्य प्रवेशक'.

गूळपोळी: हे कॉलेज ॲडमिशनचं वाटतंय 🙏

कोर्टाचीपायरी: आपल्याकडे अशा अज्ञाताला 'अशोक कुमार' म्हणतात. 2002 च्या फुटबॉल वर्ल्ड कपला केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली हायकोर्टाने तसला हुकूम दिला होता.

गूळपोळी: माझे काका अशोक, त्यांना सांगू नका. आमच्या बांधावर त्यांनीच 'तूर्तातूर्त मनाई' आणली होती, अकरा वर्षं चालली.

देवगिरी: तूर्तातूर्त! हा बघा संस्कृत, तूर्त म्हणजे त्वरित.

कोर्टाचीपायरी: मराठीत तूर्त म्हणजे सध्यापुरतं. त्वरित असतं तर अकरा वर्षं लागली असती का

शाईपेन: अहो माझे इसम? उद्या सकाळी द्यायचंय.

देवगिरी: सध्यापुरतं हा नंतरचा अर्थ. मूळ बघा.